घरून ऑफिसच्या संगणकात शिरताना: पोर्ट उघडण्याआधी

पत्राचा सारांश: पत्रलेखिका एका छोट्या कंपनीचे हिशेब पाहतात. हिशेबाचं सॉफ्टवेअर ऑफिसातल्या एकाच संगणकावर आहे. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायला मालकांनी होकार दिला, तो घरूनही त्या संगणकात शिरता येईल या भरवशावर. ऑफिसात बसून लॅपटॉपवरून रिमोट डेस्कटॉप (एका संगणकावर बसून दुसरा दुरून चालवण्याची विंडोजची सोय) लावून पाहिला, तो लगेच लागला. घरी जाऊन तोच पत्ता टाकला, तर लागेना. काही दिवसांनी ऑफिसातूनही लागेनासा झाला. मग एकदा लागला, पण पासवर्ड चुकीचा आहे म्हणू लागला. नंतर एकदा ऑफिसातल्याच दुसऱ्या खोलीतून सगळं जुळलं आणि काम अर्ध्यावर असताना मध्येच तुटलं. भाच्याच्या सांगण्यावरून त्यांनी ऑफिसच्या संगणकाची फायरवॉल बंद केली, तरी घरून काही फरक पडला नाही. आता तो म्हणतो, ‘मावशी, राउटरवर ३३८९ नंबरचं पोर्ट उघड, नाहीतर सरळ एनीडेस्क टाक.’ इकडे मालकांना वाटू लागलंय की ‘जोडणी होत नाही’ हा काम टाळायचा बहाणा आहे. पोर्ट उघडावं, दुसरं सॉफ्टवेअर टाकावं की घरून काम करण्याचा नादच सोडावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

नमस्कार,

बाकीचं नंतर, आधी एक काम. उद्या ऑफिसात गेल्यागेल्या त्या संगणकाची फायरवॉल पुन्हा चालू करा. ती बंद करूनही घरून फरक पडला नाही आणि म्हणून ‘बिघाड आणखी खोलवर असणार’, असं तुम्ही लिहिलंत. मला त्यातून वेगळंच दिसतं. फायरवॉल अडवते ती संगणकापर्यंत येऊन पोहोचलेली जोडणी. तुमची घरून केलेली जोडणी तिथवर जातच नव्हती. त्यामुळे फायरवॉल चालू आहे की बंद, याचा संबंधच आला नाही. तोटा तेवढा झाला: ज्या संगणकावर कंपनीचे सगळे हिशेब आहेत, तो तेव्हापासून उघडा पडलाय.

तुम्ही असं धरून चालला आहात की हा एकच बिघाड आहे आणि तो अधूनमधून डोकं वर काढतो. म्हणून एकच नेमका उपाय शोधताय. तुमचं पत्र वाचताना मला मात्र चार निरनिराळे प्रसंग दिसले. फोनवर समोरचा माणूस भेटला नाही, याचे कितीतरी प्रकार असतात. कधी घंटाच वाजत नाही. कधी तो उचलतो, पण आपल्याला ओळखत नाही. कधी बोलता बोलता कटतो. तुमच्याकडे हे तिन्ही झाले, आणि पहिला तर दोनदा, दोन वेगळ्या कारणांनी. प्रत्येकाची दुरुस्ती वेगळ्या जागी आहे. फायरवॉल बंद करणं किंवा पोर्ट उघडणं हा सगळ्यांवरचा उतारा नाही.

घरून लागत नाही, हा तुमचा मुख्य प्रश्न. तो आधी घेऊ.

तुम्ही टाकत असलेला पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होतो. आयपी पत्त्यांचे, म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्रांना मिळणाऱ्या क्रमांकांचे, तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. १९९६ सालच्या इंटरनेट नियमावलीत ही वाटणी आहे. या पट्ट्यांतले पत्ते जगभरातल्या असंख्य घरांत आणि ऑफिसांत एकाच वेळी वापरात असतात आणि राउटरच्या बाहेर त्यांना काही अर्थ नसतो. ऑफिसच्या वायफायवर असताना तुमचा लॅपटॉप तो पत्ता ऑफिसात शोधत होता, म्हणून सापडला. घरी आल्यावर तोच पत्ता तो तुमच्या घरात शोधू लागला. तिथे त्या क्रमांकावर तुमचा टीव्ही असेल, कुणाचा मोबाइल असेल, नाहीतर कुणीच नसेल. ऑफिसात चाललं म्हणजे सेटिंग बरोबर आहे, हा तुमचा अंदाज खरा आहे. पण त्यातून फक्त ऑफिसच्या भिंतीआडचं सेटिंग बरोबर आहे एवढंच सिद्ध होतं.

पडद्यावर आलेल्या संदेशानंही तुमचा गोंधळ वाढवला असणार. विंडोज अशा वेळी तीन कारणं सांगतं: समोरच्या संगणकावर रिमोटची सोय चालू नाही, किंवा तो बंद आहे, किंवा तो नेटवर्कवर उपलब्ध नाही. वाचणाऱ्याला वाटतं, यांतलं एक विंडोजला नक्की ठाऊक असेल. तसं नसतं. पलीकडून काहीच उत्तर आलं नाही, एवढंच त्याला कळलेलं असतं. बाकी सगळे तर्क.

आता भाच्याचा सल्ला. त्याला नावं ठेवू नका, त्याच्या सल्ल्याला आधार आहे. इंटरनेटच्या बाजूनं ऑफिसचा एक सार्वजनिक पत्ता असतो. तो टाकला की तुमची जोडणी ऑफिसच्या राउटरपर्यंत येते. पण आतल्या कुठल्या यंत्राकडे ती सोपवायची, हे राउटरला माहीत नसतं. ‘३३८९ वर जे येईल ते या संगणकाकडे दे’ असं त्याला सांगून ठेवणं, म्हणजे पोर्ट उघडणं. रिमोट डेस्कटॉप मुळात याच क्रमांकावर चालतो, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे. तरीही माझं उत्तर स्पष्ट ‘नको’ असं आहे.

कारण तुमच्यासाठी उघडलेली वाट सगळ्या जगासाठी उघडते. इंटरनेटवरचे सार्वजनिक पत्ते एकामागून एक तपासत जाणारे प्रोग्राम अखंड चालू असतात आणि ३३८९ हा त्यांच्या आवडीचा क्रमांक आहे. वाट सापडली की नाव आणि पासवर्ड यांच्या जोड्या लावून पाहणं सुरू होतं. ज्यांनी असं पोर्ट उघडलंय, त्यांनी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत सिक्युरिटी या भागात जाऊन ४६२५ क्रमांकाच्या नोंदी पाहाव्यात. या असफल लॉगिनच्या नोंदी असतात. आपण झोपेत असतानाच्या वेळा तिथे रांगेनं दिसल्या, तर मी काय म्हणतोय ते समजावून सांगावं लागणार नाही. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या टोळ्यांची आत शिरायची ही एक जुनी, ठरलेली वाट आहे.

‘माझा पासवर्ड भक्कम आहे’ हे उत्तर अपुरं पडतं. २०१९ च्या मे महिन्यात जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये ‘ब्लूकीप’ नावानं ओळखली गेलेली एक त्रुटी उघड झाली. तिच्यात आत शिरायला पासवर्डची गरजच नव्हती. प्रकरण इतकं गंभीर होतं की मायक्रोसॉफ्टनं विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. एक्सपीचा आधार २०१४ मध्येच संपलेला होता! क्रमांक ३३८९ ऐवजी दुसरा ठेवण्याची युक्तीही कुणीतरी सुचवेल. त्यानं नोंदींची गर्दी थोडी कमी होते, संरक्षण मिळत नाही. शिवाय विंडोज ११ च्या २०२२ पासूनच्या आवृत्तीत नव्यानं बसवलेल्या संगणकावर दहा चुकीचे प्रयत्न झाले की खातं दहा मिनिटं बंद होतं. सोय चांगलीच आहे. पण पोर्ट उघडं असेल, तर बाहेरच्यांच्या प्रयत्नांपायी ऐन कामाच्या वेळी तुमचंच खातं बंद पडायचं.

आणि एवढं करूनही ते चाललं नसतं, अशीही शक्यता आहे. सार्वजनिक पत्ते अपुरे पडतात म्हणून बऱ्याच इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. त्यासाठी १००.६४ ते १००.१२७ असा वेगळा पट्टा राखलेला आहे. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता या पट्ट्यातला दिसला, किंवा ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या संकेतस्थळावरच्या पत्त्याशी तो जुळला नाही, तर तुमच्या राउटरवर पोर्ट उघडून उपयोग नाही. वाट त्याच्याही आधी, इंटरनेट कंपनीच्या यंत्रात अडलेली असते. यावर रात्री जागवणारे लोक मला माहीत आहेत.

मग करायचं काय? दोन चांगले मार्ग आहेत.

एक म्हणजे व्हीपीएन. यात लॅपटॉप आधी ऑफिसच्या नेटवर्कचा भाग होतो आणि मग रिमोट डेस्कटॉप असा चालतो, जणू तुम्ही ऑफिसातच बसला आहात. ३३८९ बाहेरच्या जगाला दिसत नाही. बऱ्याच राउटरमध्ये ओपनव्हीपीएन किंवा वायरगार्ड या व्हीपीएनच्या प्रकारांची सोय असते. यात एक खोच आहे आणि ती भल्याभल्यांना सापडत नाही. घरच्या आणि ऑफिसच्या दोन्ही राउटरचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत असतील, तर व्हीपीएन जोडलेलं असूनही लॅपटॉप तो पत्ता घरातच शोधू शकतो. व्हीपीएन ‘कनेक्टेड’ म्हणतं आणि संगणक काही लागत नाही. दोहोंपैकी एका राउटरचा पट्टा बदलून १९२.१६८.५० वगैरे केला की प्रश्न मिटतो. बदलायचा तर घरचा बदला. ऑफिसचा बदलला की तिथले प्रिंटर रुसतात.

टेलस्केलसारख्या सेवा हेच काम आणखी सोपं करतात. दोन्ही संगणकांवर प्रोग्राम टाकायचा, एकाच खात्यानं लॉगिन करायचं, की प्रत्येक यंत्राला एक वेगळा पत्ता मिळतो आणि घरी असो वा बाहेर, तोच चालतो. राउटरला हात लावावा लागत नाही आणि वर सांगितलेली एकाच सार्वजनिक पत्त्याची अडचणही आड येत नाही. तुमच्या जागी मी असतो, तर हेच निवडलं असतं. फक्त त्या खात्याला दुहेरी पडताळणी हवीच.

दुसरा मार्ग एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्रोम रिमोट डेस्कटॉप अशा सॉफ्टवेअरचा. यांत दोन्ही बाजूंचे संगणक स्वतःहून बाहेर, त्या कंपनीच्या सर्व्हरकडे जोडणी करतात आणि त्याच्या मध्यस्थीनं एकमेकांना भेटतात. म्हणून पोर्ट उघडावं लागत नाही. अधूनमधून गरज पडत असेल, तर ही सोय उत्तम. मात्र एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर फुकट आहेत ते वैयक्तिक वापरापुरते. कंपनीचं काम करायचं, तर परवाना घ्यावा लागतो, आणि वापर धंद्याचा आहे असा संशय आला की जोडणी मध्येच तोडली जाते. (मग ‘लागत नाही’ची आणखी एक तक्रार.) दुसरं असं, की हे दोन्ही प्रोग्राम रीतसर इन्स्टॉल न करता नुसते उघडूनही चालतात. पण संगणक रीस्टार्ट झाला की ते बंद, आणि पलीकडे ‘होय’ म्हणायला कुणी बसलेलं नसतं. इन्स्टॉल करा आणि आपण नसतानाच्या वापरासाठी वेगळा, लांब पासवर्ड ठेवा.

घरचं हे झालं. आता ऑफिसातूनही एकदा लागेना, तेव्हाची गोष्ट. ‘मी तर काहीच बदललं नव्हतं,’ असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही नसेल बदललं. पण राउटर आपल्या नेटवर्कवरच्या यंत्रांना पत्ते ठरावीक मुदतीसाठीच वाटतो, आणि संगणक बराच काळ बंद राहिला किंवा राउटर रीस्टार्ट झाला की नवा पत्ता मिळू शकतो. ऑफिसच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टंकायची खिडकी) उघडून ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही आज्ञा दिली की आजचा पत्ता दिसेल. तो तुम्ही लिहून ठेवलेल्या पत्त्यापेक्षा वेगळा निघाला, तर चोर सापडला. राउटरमध्ये ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ नावाची सोय असते, तिथे त्या संगणकाला एक पत्ता कायमचा नेमून द्या. पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला, तर मामला वेगळा: संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, तेव्हा केबल किंवा वायफाय तपासा.

पत्ता तोच असेल, तर संगणक झोपला होता का ते बघा. मला सर्वांत जास्त संशय याचाच येतो. काही वेळ कुणी हात लावला नाही की विंडोज संगणकाला झोपवतं आणि झोपलेला संगणक रिमोट डेस्कटॉपला ओ देत नाही. तुम्ही घरून जोडायला जाता, नेमकं तेव्हाच त्याच्यासमोर कुणी नसतं! सेटिंगमध्ये पॉवर या भागात ‘स्लीप’साठी ‘नेव्हर’ निवडा. पडदा बंद झाला तरी चालतो. वीज जाऊन आल्यावर संगणक आपोआप सुरू व्हावा, अशी सोय बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, बऱ्याच यंत्रांत असते, ती चालू करून ठेवा. आणि जमलं तर त्याला वायफायऐवजी केबल जोडा.

तिसरी शक्यता म्हणजे राउटर बदलला, किंवा लॅपटॉप भलत्याच वायफायवर गेला. पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ वायफायवरची यंत्रं इंटरनेट वापरू शकतात, पण आतल्या संगणकांना सहसा बघू शकत नाहीत. नवं नेटवर्क दिसलं की विंडोज त्याला ‘पब्लिक’ ठरवू शकतं. मग नियम कडक होतात आणि नावानं शोधलं तर संगणक सापडत नाही. ऑफिसचं नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा आणि फायरवॉलच्या परवानगीच्या यादीत रिमोट डेस्कटॉपसमोर खूण आहे ना, ते बघा. फायरवॉलबाबत करायचं ते एवढंच.

मी पिंग, म्हणजे संगणकाला नुसती हाक मारून बघायची चाचणी, करायला का सांगितलं नाही, असा प्रश्न जाणकारांना पडेल. पिंगला उत्तर न देणारा संगणक रिमोट डेस्कटॉपला व्यवस्थित उत्तर देऊ शकतो आणि याच्या उलटही होतं. त्यापेक्षा लॅपटॉपवर पॉवरशेल (आज्ञा टंकायची दुसरी खिडकी) उघडा, ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा लिहा, तिच्यापुढे ऑफिसच्या संगणकाचा पत्ता आणि ‘-पोर्ट ३३८९’ असं जोडा (टंकायचं अर्थात इंग्रजीत: Test-NetConnection, मग पत्ता, मग -Port 3389). शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं, तर रस्ता मोकळा आहे आणि अडचण खातं-पासवर्डाची आहे. ‘फॉल्स’ आलं, तर पासवर्ड बदलत बसू नका, अडचण रस्त्यात आहे. या एका ओळीनं अर्धा शोध संपतो.

पासवर्ड चुकीचा म्हणाला, त्या दिवशी रस्ता मोकळा होता. आनंदाची बातमीच ती, पण तुम्ही तिलाही त्याच तक्रारीत बसवलंत. ऑफिसचा संगणक रोज पिन टाकून उघडता, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. तो पिन त्या यंत्रापुरताच असतो, रिमोट डेस्कटॉपला तो चालत नाही. तिथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो. कित्येकांना तो आठवतही नाही, कारण पिन घेतल्यापासून तो कधी लागलेलाच नसतो. ऑफिसच्या संगणकावर एकदा पासवर्ड टाकूनच आत जा, म्हणजे तो नक्की कोणता ते कळेल. खातं मायक्रोसॉफ्टचं असेल, तर नावाच्या जागी ‘मायक्रोसॉफ्टअकाउंट’ (MicrosoftAccount), मग उलटी तिरकी रेघ आणि पूर्ण ईमेल पत्ता. खातं त्या संगणकापुरतं असेल, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘हूअ‍ॅमआय’ (whoami) ही आज्ञा दिली की नेमकं नाव दिसतं. पडद्यावर दिसणारं नाव आणि खात्याचं खरं नाव वेगळी असतात, हे बऱ्याच जणांना इथे पहिल्यांदा कळतं.

आणखी दोन गोष्टी. खात्याला पासवर्डच ठेवलेला नसेल, तर विंडोज दुरून आत घेत नाही, त्या खात्यानं फक्त यंत्रासमोर बसून काम करता येतं. हा बिघाड नव्हे, शहाणपणा आहे. आणि तुम्ही मध्ये पासवर्ड बदलला असेल, तर लॅपटॉपच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठवलेला जुना पासवर्ड आधी पुसा, नाहीतर तो इमानेइतबारे जुनाच पाठवत राहील.

मध्येच तुटल्याचा प्रसंग मला सर्वांत रंजक वाटला. तुम्ही इंटरनेटला दोष दिला, पण तेव्हा तुम्ही ऑफिसातच, शेजारच्या खोलीत होता. विंडोजच्या साध्या आवृत्त्यांमध्ये, म्हणजे सर्व्हर सोडून, एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. तुम्ही दुरून आत गेलात की त्या संगणकाचा पडदा कुलूपबंद दिसतो. तिथे सहकारी आला, त्याला वाटलं संगणक नुसता लॉक झालाय, त्यानं पिन टाकला, आणि तुम्ही बाहेर. त्या वेळी दुसरा वापरकर्ता जोडला गेल्याचा संदेश दिसला होता का, आठवून बघा. तसं असेल, तर इथे तंत्रज्ञानाचं काही काम नाही. संगणकावर कागद चिकटवा: ‘दुरून काम चालू आहे, उघडू नये.’ आणि जमल्यास तुमचं खातं वेगळं करून घ्या. एकच पिन चौघांना ठाऊक असणं हिशेबाच्या संगणकाला शोभत नाही.

इतर वाचकांसाठी थोडं. ज्यांचा रिमोट डेस्कटॉप कधीच, एकदाही लागलेला नाही, त्यांनी आधी समोरच्या संगणकावरची विंडोजची आवृत्ती बघावी. होम आवृत्तीतून दुसरीकडे जाता येतं, पण होम आवृत्तीच्या संगणकात या मार्गानं शिरता येत नाही, त्याला प्रो किंवा त्यावरची आवृत्ती लागते. ही सोय छुप्या रीतीनं चालू करून देणाऱ्या फायली मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. वर सांगितलेला दुसरा मार्ग होमवरही चालतो. ‘क्रेडएसएसपी’चा (लॉगिनची माहिती पलीकडे पोहोचवणाऱ्या विंडोजमधल्या भागाचा) उल्लेख असलेली चूक येत असेल, तर बहुधा एका बाजूचा संगणक बराच काळ अपडेट झालेला नाही. २०१८ साली यातली एक त्रुटी बुजवली गेली, तेव्हापासून अद्ययावत संगणक जुन्याशी बोलायला नकार देतो. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगमध्ये, बदल करून हा नकार दडपण्याचे उपाय सांगितले जातात. दोन्ही बाजू अपडेट करणं हाच उपाय. तसंच ‘नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन’ची खूण काढा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. ती पडदा दाखवण्याआधीच ओळख विचारते, आणि ब्लूकीपच्या वेळी जिथे ती चालू होती तिथे हल्लेखोराला आधी खरं खातं लागत होतं. जोडणी झाली पण पडदा काळाच राहिला, तर कंट्रोल-ऑल्ट-एंड दाबून बघा. दुरच्या संगणकासाठी कंट्रोल-ऑल्ट-डिलीटचं काम हे करतं.

हे सगळं घरी बसून तपासू नका. घरून काही बिघडलं की पलीकडचा पडदा दिसत नाही आणि तुम्ही अंदाज बांधत बसता. ऑफिसातच त्या संगणकासमोर बसा, लॅपटॉपचं ऑफिसचं वायफाय तोडा आणि त्याला मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडा. आता लॅपटॉपच्या दृष्टीनं तुम्ही बाहेर आहात आणि दोन्ही पडदे डोळ्यांसमोर आहेत. इथून जोडणी झाली, मग संगणक तासभर तसाच सोडून पुन्हा झाली, रीस्टार्ट करूनही झाली, तर घरून व्हायला हरकत नाही.

आणि मालक. तुम्ही पोर्ट उघडू का, एवढंच मला विचारलंत. पण ते नेटवर्क आणि त्या संगणकावरचे हिशेब त्यांचे आहेत. व्हीपीएन असो वा एनीडेस्क, त्यांना न सांगता काही टाकू नका. उद्या काही बरंवाईट झालं, तर ‘भाच्यानं सांगितलं होतं’ हे उत्तर पुरणार नाही. त्यांच्या मनात शंका आहे म्हणून तुम्ही हे गुपचूप जुळवून दाखवू पाहताय, असं मला पत्रावरून वाटलं. त्यापेक्षा त्यांना सरळ सांगा: घरून लागत नव्हतं कारण पत्ता ऑफिसपुरता होता, पोर्ट उघडलं तर लागेल, पण हिशेब धोक्यात येतील, सुरक्षित मार्गाला एक दुपार लागेल आणि तुमची परवानगी लागेल. नेमकं कारण सांगणाऱ्या माणसावर बहाण्याचा संशय घेणं अवघड असतं. ते ‘नको’ म्हणाले, तर घरून कामाचे दोन दिवस त्या संगणकाशिवाय होणाऱ्या कामांसाठी ठेवता येतील का, हे त्याच बैठकीत विचारून घ्या.

एवढं करूनही अडलं, तर पुन्हा लिहा. मात्र या वेळी संदेशाचे शब्द जसेच्या तसे उतरवून पाठवा, ‘टेस्ट-नेटकनेक्शन’नं ट्रू म्हटलं की फॉल्स ते लिहा, आणि त्या क्षणी लॅपटॉप कोणत्या वायफायवर होता तेही. पासवर्ड मात्र पाठवू नका. मागच्या पत्रात तो होता, मी खोडलाय. आजच बदला.